दिलीपने शिलाँगहून आणलेलं रोप

५ नोव्हेंबर १९९५, रविवार. जळगाव.
कळी आहे. काल वाटलं नवं पान असेल. आज मोरीच्या खिडकीशी नेऊन नीट बघितलं. दोन पानांच्या बेचक्यात हिरवं, चपटं, नखाएवढं. कळीच.
यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "मग?"
मग काय, ते मलाही सांगता येईना. धाकट्या भावाची नोकरी या कळीवर आहे असं म्हटलं तर वेडी ठरेन. पण आहे तसंच.

७ नोव्हें., मंगळ.
दिलीपचं धुळ्याहून पत्र. सस्पेंड होऊन चार महिने झाले, आता कुठे चौकशी अधिकारी नेमलेत. आरोप तोच. ऑफिसतर्फे शिलाँगला ट्रेनिंगला गेला असता संरक्षित ऑर्किडची तीन रोपं जंगलातून उपटून आणली, पैकी दोन साहेबांना भेट दिली. निनावी तक्रार. साहेब हात वर करून मोकळे: मला काय माहीत, त्याने आणून दिली, ठेवून घेतली. त्यांच्या व्हरांड्यातली दोन्ही मे महिन्यातच वाळून गेली. तिसरं माझ्याकडे.
लिहितो: "अक्का, तिन्ही नर्सरीतून घेतलेली. पावती सापडत नाही. तुझ्या रोपाला नावाची पांढरी पट्टी होती, ती येताना बसमध्ये कुठेतरी पडली. तू बॉटनीतली आहेस. नाव शोधून काढ, नाहीतर मी गेलो."
बॉटनीतली! कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे मी. स्लाइडा धुते, वाळवलेल्या झाडांचे कागद बदलते.

११ नोव्हें., शनि.
लायब्ररीतलं जुनं पुस्तक काढलं. चपलेसारखी थैली असलेली ऑर्किडं आपल्या देशात बहुतेक ईशान्येकडची. पानावर गडद-फिकट नक्षी आणि पानाच्या खाली जांभळे ठिपके असतील तर व्हेनुस्टम. मेघालयातल्या जंगलातलं.
माझं रोप डिट्टो तसंच.
पुस्तक मिटलं. वहीत नोंद न करता कपाटात ठेवलं. असं कधी केलं नव्हतं.
बसून विचार केला. जंगली जात निघाली तर दि. संपला. दोन जातींचा माणसाने केलेला संकर निघाला तर ते नर्सरीतलंच, मग गुन्हा नाही. संकरातही पानं आईसारखी येऊ शकतात. पानांवरून काही ठरत नाही. फूल पाहिजे.

१४ नोव्हें., मंगळ.
विभागप्रमुख सरांना विचारलं. पूर्ण सांगितलं नाही, पण त्यांच्या कानावर आलेलं होतं. म्हणाले, "फूल येऊ दे, बघू." दारापर्यंत गेले तर मागून, "प्रभाबाई, ते रोप डिपार्टमेंटमध्ये आणू नका हं." लेखी द्याल का, हे विचारायचं राहूनच गेलं. विचारायची गरज उरली नाही.

१८ नोव्हें., शनि.
पुण्याला एक निवृत्त बाई आहेत, आयुष्यभर ऑर्किडवर काम केलेल्या. सहा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात परीक्षक म्हणून आल्या होत्या. मी लावलेले कागद बघून "हे कोणी केलं?" विचारलं होतं. तेवढ्या ओळखीवर पत्र टाकलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत दिलीप होता. चौथ्यात फक्त झाड ठेवलं.

२ डिसें., शनि.
पु. बाईंचं उत्तर! दोन पानं, बारीक अक्षर. "कळीवरून मी काही सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. फूल उमलल्यावर पुढील गोष्टी मोजा." खाली प्रश्न. वरची उभी पाकळी रुंद की अरुंद, पट्टे कसल्या रंगाचे. बाजूच्या पाकळ्यांच्या कडेला काळे चामखिळीसारखे ठिपके आहेत का, त्यावर केस आहेत का. थैलीवर शिरांची जाळी दिसते का. फुलाच्या मधोमध छोटी ढाल असते, तिचा आकार काढून पाठवा. रंगीत फोटो हवेत, उन्हात नको, सावलीत.
शेवटी: "कळीच्या काळात कुंडी फिरवू नका. प्रकाशाची बाजू बदलली की कळी रुसते."
गेला महिनाभर मी रोज फिरवतेय. कोणी आलं की मोरीत, गेलं की खिडकीत.

६ डिसें., बुध.
विहारात जाऊन आले. दि. आणि माय धुळ्याहून आले होते. दि. वाळलाय. शर्टाची कॉलर मानेपासून दोन बोटं लांब. रोपासमोर उकिडवा बसून राहिला. विचारतो, "कधी उमलेल?" माहीत नाही म्हटलं. "जानेवारीत?" माहीत नाही रे.
माय ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होती, "मना पोऱ्या चोर नही शे. एक झाडनामुये मानूसनी नोकरी जास का?" घरातला पहिला ऑफिसात टेबलखुर्चीवर बसलेला माणूस तो. बाबा होते तेव्हा त्याच्या नेमणुकीचं पत्र घडी करून खिशात ठेवायचे, वाचता येत नव्हतं तरी.

१५ डिसें., शुक्र.
थंडी. पहाटे पाण्याला हात लावला की कळ येते. देठ चार बोटं. रोज मोजपट्टी लावते, मग वाटतं पट्टी लागून देठ दुखावला तर. आज लावली नाही. दिवसभर चैन नाही, संध्याकाळी लावलीच.
उन्हाळ्यात हे रोप जगलं याचंच नवल. एप्रिल-मे दोन महिने एदलाबादला यांच्या मित्राच्या केळीबागेत ठेवलं होतं, पाटाच्या कडेला, केळीच्या पानाखाली. तेव्हा ते नुसतं रोप होतं.

१९ डिसें., मंगळ.
शिपाई सांगत आला, "धुळ्याहून माणूस आलाय, ऑर्किडवाल्या बाई कोण म्हणून विचारतोय." वाटलं फॉरेस्टचा. हातातला बीकर फुटला.
दि.च्या ऑफिसातला माणूस निघाला, नोटीस घेऊन. १० जानेवारीला चौकशीत साक्ष द्यायला या, तिसरं रोप बरोबर आणा.
तिसरं रोप माझ्याकडे आहे हे सांगितलं कोणी? दि.नेच. मला न विचारता लेखी दिलं.
घरी हे संतापले. "तुझ्या भावाने स्वतः बुडताना तुला धरलं. मीही सरकारी नोकर आहे. उद्या भुसावळला माझ्या साहेबाने विचारलं, घरात चोरीचं झाड होतं का, तर काय सांगू? टाक ते नाल्यात."
मी म्हटलं, आता टाकलं तर पुरावा नष्ट केला होईल.
"आणि ठेवलं तर?"
जेवलो नाही दोघंही.

३ जाने. १९९६, बुध.
कळी देठासकट वर आलीय, पण मान खाली. घट्ट मिटलेली. दहा तारखेला ही मुकी कळी नेऊन काय सांगू? मुदतीचा अर्ज टाकला. "पुष्प उमलल्याशिवाय ओळख शक्य नाही." यांनी अर्ज वाचला आणि हसले. बऱ्याच दिवसांनी.

१२ जाने., शुक्र.
मुदत मिळाली. १४ फेब्रुवारी. अंतिम, असं खाली रेघ मारून.
कळीवर मावा दिसला. पाच-सहा हिरवे किडे, सुईच्या टोकाएवढे. ओल्या कापसाने एकेक टिपला. मग भिंगातून कळीची एकेक बाजू पुन्हा तपासली.

२१ जाने., रवि.
उमललं.
सकाळी सातला वरची पाकळी सुटी झालेली होती. स्वयंपाक तसाच टाकला. दुपारपर्यंत थैली सुटली. हे तीनदा येऊन बघून गेले. चौथ्यांदा आपणहून स्टूल आणून दिलं.
लिहून ठेवते. वरची पाकळी रुंद, पांढरी, हिरवे पट्टे वर जाताना जांभळे होतात. बाजूच्या पाकळ्या खाली झुकलेल्या, फक्त वरच्या कडेला काळे ठिपके, त्यावर केस. थैली मद्याच्या रंगाची, तिच्यात पुसट हिरवी जाळी. ढाल घोड्याच्या नालेसारखी, पण नालेच्या पोटात हिरवी नक्षी.
पुस्तकातल्या व्हेनुस्टमची थैली पिवळट आणि जाळी ठळक, मेंदूसारखी. ही तशी नाही. अगदी वेगळीही नाही.
मला संकर दिसतोय. पण मला संकर दिसायलाच हवा आहे. माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा का?

२३ जाने., मंगळ.
फोटो स्टुडिओवाल्याला घरी बोलावलं. "बाई, वाढदिवस कोणाचा?" म्हणाला. फूल दाखवलं. फ्लॅश लावायला लागला, नको म्हटलं, सावलीत काढा. पुढून, बाजूने, थैलीच्या तोंडातून. "नवरीचे एवढे काढत नाही मी." ढालीचं चित्र मी भिंगातून बघून काढलं. सगळं रजिस्टर्ड पोस्टाने पुण्याला. आकडे दोनदा तपासले.

३० जाने., मंगळ.
उत्तर नाही. पोस्टमन आला, विजेचं बिल देऊन गेला.

३ फेब्रु., शनि.
पुण्याहून कार्ड. "फोटो मिळाले. फूल कापून आतले भाग अल्कोहोलमध्ये पाठवता आले तर अधिक खात्रीने सांगता येईल."
एकच फूल आहे. कापलं तर चौदा तारखेला काय नेऊ? न कापलं तर बाई "कदाचित" लिहितील. कदाचितवर नोकरी परत मिळते का?
ब्लेड उकळून ठेवलं. संध्याकाळी उलट लिहिलं: कापू शकत नाही, जे दिसतं त्यावरून सांगा. आणि पहिल्यांदा खरं कारण लिहिलं. भाऊ, चौकशी, सगळं.

१० फेब्रु., शनि.
पत्र आलं. पाकीट फोडता येईना. यांनी फोडलं, यांनीच मोठ्याने वाचलं.
"हा संकर आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक बाजू व्हेनुस्टमची. दुसरी बाजू माझ्या मते मलायाकडच्या एखाद्या जातीची. ही दोन झाडं जंगलात एकमेकांना भेटणं शक्य नाही, मधे समुद्र आणि दोन देश आहेत. म्हणजे हे माणसाच्या हातचं, रोपवाटिकेतलं. असे संकर शंभर वर्षं होत आले आहेत, त्यामुळे नाव मी देणार नाही. पट्टी हरवलेल्या संकराला अंदाजाने नाव देणं हा खोटेपणा होईल. हे पत्र तुम्ही चौकशीत दाखवू शकता. सही केली आहे."
हे म्हणाले, "सुटला." मी मोरीत जाऊन रडले.
दि.ला घराजवळच्या दुकानात फोन लावून निरोप ठेवला. उद्या येतोय.

११ फेब्रु., रवि.
हे कसं लिहू.
दि. सकाळच्या गाडीने आला, पेढे घेऊन. पत्र वाचलं, डोळ्यांना लावलं. मी त्याला सांगत होते काय काय मांडायचं. म्हटलं, अजून एक गोष्ट आहे आपल्या बाजूची. गेल्या मार्चमध्ये मी कुंडी बदलली तेव्हा मुळांशी कोळसा आणि विटेचे तुकडे निघाले होते. नर्सरीवालेच तसं भरतात. साहेबांच्या दोन रोपांनाही तसंच होतं ना?
त्याने पत्राची घडी घातली.
"दिलीप?"
"त्यांना काळी माती होती. आणि शेवाळ."
मग त्याने सगळं सांगितलं. शिलाँगला असताना साहेबांचा फोन आला होता: तिकडची ऑर्किडं घेऊन ये, बायकोला हौस आहे. रस्त्याच्या कडेला एक बाई टोपलीत रोपं घेऊन बसायची. जंगलातून आणलेली, मुळं तुटलेली. तिच्याकडून दोन घेतली.
"आणि माझं?"
"तुझं नर्सरीतून. तुला नाव लागतं ना सगळ्याचं. तिथे पट्टीवर नाव लिहून देत होते, म्हणून मुद्दाम दोन तास चालत गेलो."
माझ्यासाठी नीट घेतलं म्हणून माझं रोप निर्दोष. आणि म्हणूनच ते त्याच्या काही कामाचं नाही.
म्हटलं, पत्रात तिन्ही नर्सरीतली असं का लिहिलंस? म्हणाला, "ती दोन मेली अक्का. कोणाला कळणार आहे? तू एवढंच म्हण, तिन्ही सारखी होती."
"मी ती पाहिलीसुद्धा नाहीत."
"तेच तर. पाहिली नाहीस तर खोटं कसं होईल?"
पेढ्याचा पुडा तसाच आहे, दोरा न सोडलेला.

१२ फेब्रु., सोम.
यांना सांगितलं. वाटलं चिडतील. उलट म्हणाले, "साहेबाला कोणी फोनचं विचारणार आहे का? नाही. मग तुम्हालाच कशाला खरेपणाचा मक्ता? म्हण तिन्ही सारखी." नाल्यात टाक म्हणणारे हेच.
बाईंच्या पत्राकडे बघवत नाही. नावसुद्धा अंदाजाने न देणारी बाई. तिचा कागद मी कशावर पांघरणार आहे?
पण दि.ची दोन मुलं. मायचं औषध.

१३ फेब्रु., मंगळ. धुळे.
दुपारच्या एसटीने आले. रोप मांडीवर, भोवती ओला टॉवेल, वरून जुन्या साडीचा तंबू. पारोळ्याला खड्ड्यात गाडी आदळली, मी दोन्ही हातांनी फूल धरलं. कंडक्टर म्हणाला, "लहान बाळ शे का ताई?"
दि. समोर येत नाही. त्याने मायला सांगितलंय, सगळं. माय भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू शिकेल शे. तुले जे दिसनं ते सांगजो. जे नही दिसनं ते नको सांगू." मग म्हणाली, "पन तो मना पोऱ्या शे." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

१४ फेब्रु., बुध.
आठवेल तेवढं लगेच लिहितेय, बसस्टँडवर.
चौकशी अधिकारी शांत माणूस, चष्मा कपाळावर. फुलाकडे बघून, "हे काय, चप्पल?" समोर दि., बाजूला टायपिस्ट. साहेब नव्हते, त्यांचा लेखी जबाब होता.
मी ठिपके दाखवले, थैली दाखवली, पत्र वाचलं. संकर, रोपवाटिकेतला, जंगली नाही. त्यांनी नीट ऐकलं. वाटलं, एवढ्यावर उठू देतील.
"बाई, बाकीची दोन रोपं याच जातीची होती?"
मी म्हटलं, "मी हे एकच रोप पाहिलं आहे."
"तुमच्या भावाने तुम्हाला काही सांगितलं असेल."
दि. माझ्याकडे बघत होता. लहानपणी मार पडायच्या आधी बघायचा तसं नाही. नुसतं बघत होता.
म्हटलं, "माझं नर्सरीतून घेतलं असं सांगितलं."
"आणि बाकीची?"
टायपिस्टचे हात थांबलेले. मी म्हटलं, "ते त्याला विचारा. तो इथे आहे."
त्यांनी विचारलं. दि. उभा राहिला. मला वाटलं, म्हणेल नर्सरीतली. म्हणाला, "रस्त्यावरून घेतली, सर. जंगलातली होती. साहेबांनी फोन करून मागवली होती." एका दमात. मग खाली बसला आणि शर्टाचं बटण चाचपत राहिला.
अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यावर घेतला. "फोनचं आजवर का नाही सांगितलं?"
"कोणी विचारलं नव्हतं, सर. आणि विचारलं असतं तरी भीती वाटली असती."
सगळं टाइप झालं. रोप जप्त करतील म्हणून मी कुंडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी सुपूर्तनामा करून माझ्याच ताब्यात दिलं: निकाल लागेपर्यंत जिवंत राखावे, मागणी होताच हजर करावे. रोपाचे नाव, असा रकाना. मी लिहिलं, "संकर. नाव माहीत नाही." त्यांनी वाचून मान हलवली. हो म्हणून की कीव म्हणून, कळलं नाही.
बाहेर दि. म्हणाला, "मी वाचलो की गेलो, अक्का?" म्हटलं, माहीत नाही. दोघांनी एकेक चहा घेतला. तो पायीच घरी गेला.

२२ फेब्रु., गुरु.
पु. बाईंना झालं ते सगळं कळवलं. बोलणी खावी लागतील असं वाटतंय.
हे दि.विषयी एक शब्द काढत नाहीत. पण काल भुसावळहून येताना कुंडीखाली ठेवायला पसरट ताट घेऊन आले, पाणी साठायला.

३ मार्च, रवि.
फूल गळलं. सकाळी ताटात पडलेलं होतं, रंग तसाच. कागदात दाबून ठेवलं, तारीख घातली.
दुपारी पारा सदतीस. अजून मार्चची सुरुवात. सरकारी कागदावर सही करून घेतलंय की हे जिवंत राखीन. खिडकीला तरटाचा पडदा बांधला, दिवसातून चारदा भिजवते.
दि. आला होता. ऑर्डर नाही. पण आता साहेबांना बोलावलंय, २० तारखेला, समोरासमोर. साहेब म्हणे वकील आणणार आहेत. फोन केलाच नव्हता म्हणणार आहेत. ऑफिसातले दोघं दि.शी बोलायचे थांबले, एकजण नव्याने बोलायला लागलाय.
निघताना चपला घालता घालता म्हणाला, "वीसला येशील? साक्षीला नाही. नुसती बसायला."
रजेचा अर्ज लिहायला घेतलाय. कारण, पुढे "घरगुती काम" लिहिलं. खोडलं. खरं लिहिलं तर वि. प्र. सर वाचतील, क्लार्क वाचेल, मग सगळं कॉलेज वाचेल. ती जागा अजून रिकामी आहे. अर्ज उद्या सकाळी द्यायचा आहे.